वाटसरूचे ताट

रमजानमध्ये इजिप्तला जाऊ नका, असा सल्ला सहली काढणारी मंडळी अजूनही देतात. कारणे ठरलेली असतात. दिवसा खाणावळी बंद, संग्रहालये लवकर मिटतात, टॅक्सीवाला दुपारनंतर चिडलेला आणि सूर्यास्ताच्या वेळी तर रस्त्यावर चिटपाखरू नसते. यातले काहीच खोटे नाही. फक्त सल्ला देणारा दिवस सकाळपासून मोजतो आणि कैरो तो मगरिबपासून मोजते. इस्लामी कालगणनेत सूर्य मावळला की तारीख बदलते, हे पुस्तकात वाचलेले असते. कैरोत ते रस्त्यावर दिसते. संध्याकाळी सहाच्या सुमारास शहर थांबते, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते आणि पहाटेपर्यंत झोपत नाही. या बारा तासांत जत्रा असते, रस्त्यावरचे खाणे असते आणि फुटबॉलही असतो.

मुंबईहून कैरोला थेट विमान जाते. त्यातून उतरलेल्या मराठी प्रवाशाला या दिवसाची किल्ली एका शब्दात सापडते. तो शब्द म्हणजे ‘इब्नुस्सबील’. अरबीत त्याचा अर्थ ‘वाटेचा मुलगा’, म्हणजे वाटसरू. जकात कोणाला द्यावी, याचे आठ हक्कदार कुरआनने सांगितले आहेत. त्यात गरीब आणि कर्जबाजारी यांच्याबरोबर हा वाटसरूही आहे. घरी तो सधन असेल. पण परक्या गावी अडला असेल, तर त्याचा हक्क आहे. मुसाफिराला रोजातूनही सवलत आहे. सुटलेले रोजे त्याने पुढे पूर्ण करायचे. म्हणजे रमजानच्या व्यवस्थेत परका माणूस आधीच गृहीत धरलेला आहे. कैरोत ही गोष्ट प्रवचनातून कळण्याआधी ताटातून कळते.

कंदिलांची वाट

दुपारी तीनच्या सुमारास जुन्या शहराच्या उत्तरेकडील बाब अल-फुतूह या दरवाजातून आत शिरावे. येथून दक्षिणेकडे बाब जुवैलापर्यंत जाणारी मुइझ रस्त्याची वाट साधारण एक किलोमीटरभर आहे आणि मध्ययुगीन इस्लामी वास्तुकलेचा एवढा दाट संग्रह जगात क्वचितच असेल. फातिमी सेनापती जौहर याने ९६९ मध्ये हे शहर वसवले. अल-अझहर मशिदीत पहिली नमाज ९७२ च्या रमजानमध्ये झाली. पुढच्याच वर्षी, रमजानमध्येच, खलीफा मुइझ आपल्या नव्या राजधानीत दाखल झाला. लोक हाती दिवे घेऊन त्याच्या स्वागताला गेले आणि तेव्हापासून रमजानचा कंदील, म्हणजे ‘फानूस’, सुरू झाला, अशी लोककथा आहे. इतिहासकार तिला कितीही तपासोत, कैरोतल्या मुलाला ती पाठ असते.

दरवाजातून आत येताच डाव्या हाताला अल-हाकिमची मशीद लागते. अकराव्या शतकाच्या आरंभी पुरी झालेली ही वास्तू पुढे अनेक शतके पडझडीत होती. कधी तुरुंग, कधी घोड्यांचा तबेला, कधी गोदाम असे तिचे हाल झाले. तिचा जीर्णोद्धार १९८० मध्ये पूर्ण केला तो मुंबईकरांनी. दाऊदी बोहरा समाजाचे तत्कालीन धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने तिचे संगमरवरी अंगण पुन्हा उजळले. २०२३ मध्ये दुसऱ्या दुरुस्तीनंतर ती परत खुली झाली. भेंडी बाजारातील रौदत ताहेराच्या बांधणीत फातिमी कैरोची छाया आहे. तो घुमट ज्याने पाहिला आहे, त्याला या अंगणात फार परके वाटत नाही. रमजानच्या दुपारी येथे माणसे भिंतीच्या सावलीत कुरआन वाचत बसलेली असतात. काही जण सरळ आडवे झालेले असतात. मुले गुळगुळीत फरशीवर घसरगुंडी खेळतात आणि कोणी त्यांना हटकत नाही.

पुढे बाब जुवैलाच्या बाहेर तंबू शिवणाऱ्यांची झाकलेली पेठ आहे, तिचे नाव खयामिया. निळ्या-तांबड्या कापडावर कापडाचेच तुकडे शिवून केलेली ही नक्षी रमजानमध्ये शहरभर दिसते. मांडव तिचे, पडदे तिचे, टेबलावरची आच्छादनेही तिचीच. अर्थात बहुतेक ठिकाणी हाताने शिवलेले नव्हे, तर छापील कापड असते. जवळच कंदिलांचे कारागीर पत्रा कापून, रंगीत काचा बसवून फानूस करतात. काही वर्षांपूर्वी चीनमधून आलेल्या, बॅटरीवर गाणाऱ्या प्लास्टिकच्या फानुसांनी या कारागिरांना पार मागे लोटले होते. २०१५ मध्ये सरकारने अशा लोककलेच्या वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली. आपल्याकडे दिवाळीच्या आकाशकंदिलांबाबत जी चर्चा होते, तीच तेथेही झाली. बंदीने पत्र्याचा कंदील बाजारात टिकायला मदत झाली. त्याची किंमत परवडेल की नाही, हा प्रश्न वेगळा. त्याकडे पुढे येऊ.

तव्यावरच्या शेवया आणि हिंदुस्थानची खजूर

चारनंतर बाजाराची चाल बदलते. आता प्रत्येकाला घर गाठायचे असते आणि घरी जाताना काहीतरी गोड न्यायचे असते. गल्लीच्या तोंडाशी कुनाफावाला उभा असतो. समोर हातगाडीएवढा गोल तवा, खाली आग. तळाला भोके असलेल्या भांड्यातून तो पातळ पिठाच्या धारा गोलगोल सोडतो. केसासारखे तंतू क्षणात वाळतात आणि तो ते मुठीने उचलून बाजूला रचतो. शेवया पाटावर वळताना ज्याने पाहिल्या आहेत, त्याला या हाताची सफाई लगेच कळते. पुढे घरी त्यात तूप, सुकामेवा किंवा साय घालून ते भाजतात आणि पाक ओततात.

शेजारी कतायफ. हे आपल्या घावनाचे छोटे भावंड; पण एकाच बाजूने भाजलेले. वरची बाजू ओलसर आणि जाळीदार राहते. तिच्यावर अक्रोड, बेदाणे, खोबरे ठेवायचे, करंजीसारखे मिटायचे, तळायचे आणि पाकात टाकायचे. वर्षभर फारशी न दिसणारी ही वस्तू रमजानचा चंद्र दिसला की कोपऱ्याकोपऱ्यावर उगवते.

मग सरबते. कमरेला भले मोठे भांडे बांधलेला आणि हातात पितळी झांजा वाजवणारा माणूस दिसला, तर तो ‘इर्क सूस’ म्हणजे ज्येष्ठमधाचे सरबत विकतो असे समजावे. रंग काळा, चव आधी कडवट आणि मग गोड. पहिल्या घोटाला नवखा माणूस तोंड वाकडे करतो. ‘कमर अद्दीन’ हे जर्दाळूच्या वाळवलेल्या पोळीपासून करतात. आपली आंब्याची पोळी पाण्यात कालवावी तसे. ‘करकदे’ लाल अंबाडीच्या बोंडांचे. आणि सगळ्यांत ओळखीचे ‘तमर हिंदी’. शब्दशः अर्थ ‘हिंदुस्थानची खजूर’, म्हणजे आपली चिंच. इंग्रजीतले ‘टॅमरिंड’ हे नाव याच शब्दातून निघाले. आपल्या अंगणातल्या झाडाचे नाव हजारो मैल दूरच्या तहानलेल्या गल्लीत ऐकले की जरा गंमत वाटते.

आणखी एक नातेवाईक येथे भेटतो, कोशरी. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा आंबट रस्सा, लसणाचे पाणी आणि कुरकुरीत तळलेला कांदा असा हा गरिबांचा आणि घाईत असलेल्यांचा पोटभरीचा वाडगा. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या इब्न बतूताने येथल्या ‘किशरी’ची, म्हणजे मूग-तांदळाच्या खिचडीची नोंद केली आहे. कोशरीचे नाव या खिचडीशी जोडले जाते. मॅकरोनी आणि टोमॅटो तिला पुढे येऊन मिळाले. रमजानमध्ये कोशरीची दुकाने दिवसा मिटलेली असतात. रात्री त्यांच्यापुढे रांगा लागतात.

तोफ आणि तीस मिनिटांची शांतता

मगरिबला पाऊण तास उरला की कैरोची वाहतूक पाहण्यासारखी होते. दोन कोटींहून अधिक माणसांच्या या महानगरातील निम्मे लोक जणू एकाच वेळी घरी निघालेले असतात. भोंगे वाजतात, रिक्षावाले एकमेकांना सुनावतात. त्याच गर्दीत चौकाचौकात कॉलेजची मुले रस्त्याच्या मधोमध उभी राहतात. त्यांच्या हातात खजूर आणि सरबताच्या छोट्या पिशव्या असतात. गाडीची काच खाली असेल तर ती पिशवी थेट मांडीवर येऊन पडते. घरी वेळेत न पोहोचणाऱ्याचा रोजा रस्त्यात सुटावा, एवढाच हेतू. गाडीत कोण आहे, त्याला रोजा आहे की नाही, हे पाहायला कोणाला वेळ नसतो.

मग रेडिओवर शेख मोहम्मद रिफअत यांचा आवाज लागतो. १९३४ मध्ये इजिप्तचे सरकारी रेडिओ केंद्र सुरू झाले, तेव्हा त्यावरचे पहिले कुरआनपठण याच दृष्टिहीन कारींचे होते. १९५० मध्ये ते गेले. तरी मगरिबच्या वेळी जुन्या ध्वनिमुद्रणाची ती किंचित खरखर ऐकू आली नाही, तर अनेक घरांत रमजान आला असे वाटतच नाही. पाठोपाठ किल्ल्यावरची तोफ. ही प्रथा कशी पडली, याच्या गोष्टी अनेक. ममलूक सुलतान खुशकदम नवी तोफ तपासत होता, ती नेमकी सूर्यास्ताला उडाली आणि लोकांना वाटले की सुलतानाने इफ्तारची वर्दी दिली, ही त्यातली एक. दुसऱ्या गोष्टीत खेदिव इस्माईलची मुलगी फातिमा येते आणि तोफेचे नावच ‘हाजी फातिमा’ पडते. मधली जवळपास तीन दशके किल्ल्यावरची ही तोफ गप्प होती; २०२१ च्या रमजानमध्ये ती पुन्हा बोलू लागली.

तोफेनंतर शहर एकदम गप्प होते. प्रवासी कंपन्या ज्या निर्मनुष्य रस्त्याची भीती घालतात तो हाच. पण रस्ता निर्मनुष्य नसतो, माणसे फक्त खाली बसलेली असतात. पदपथावर, मशिदीच्या भिंतीलगत, पुलाखाली लांबच लांब टेबले मांडलेली असतात. यांना ‘मवाइद अर-रहमान’ म्हणतात, म्हणजे परम दयाळू अल्लाहची दस्तरख्वाने. प्रथा जुनी आहे. नवव्या शतकातील राज्यकर्ता अहमद इब्न तुलूनशी तिचे नाते सांगतात. भात, भाजी, मांसाचा तुकडा, भाकरी, खजूर, सरबत. वाढणारे कधी एखादा व्यापारी, कधी संस्था, कधी मोहल्ल्यातील चार-सहा घरे मिळून. जेवणारे रोजंदार, पहारेकरी, झाडूवाले, बसचालक, परगावचे विद्यार्थी. नाव विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत, मिळकत तर नाहीच नाही. बाजूने जाणाऱ्याला एकच शब्द ऐकू येतो, ‘इत्फद्दल’. मराठीत सांगायचे तर ‘या, बसा’.

या टेबलांमागे फक्त मुसलमान असतात असेही नाही. कॉप्टिक ख्रिश्चन शेजाऱ्यांनी इफ्तार वाढण्याची उदाहरणे कैरोत नवी नाहीत. २०२४ मध्ये तर योग असा आला की रमजानचा पहिला रोजा आणि कॉप्टिक समाजाच्या ईस्टरपूर्व मोठ्या उपवासाचा पहिला दिवस एकाच तारखेला, ११ मार्चला पडला. पंचावन्न दिवसांच्या त्या उपवासात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. त्या महिन्यात एकाच इमारतीत एक घर सूर्यास्तापर्यंत काहीच खात नव्हते आणि दुसरे दिवसभर मसूर आणि फूल खाऊन होते.

सर्वांत मोठे दस्तरख्वान मात्र पर्यटकांच्या नकाशावर नसलेल्या मतरिया वस्तीत पडते. तेथील एका गल्लीतील काही तरुणांनी २०१३ मध्ये एकत्र इफ्तार केला. त्यातून दरवर्षी १५ रमजानला सगळ्या वस्तीने रस्त्यावर जेवायला बसायची रीत पडली. घराघरांत स्वयंपाक होतो, बायका आदल्या दिवसापासून भाताच्या भरल्या भाज्या करायला बसतात, गल्ल्यांवर पताका लागतात, गच्च्यांवरून मुले कागदाचे कपटे उधळतात. साथीच्या काळात दोन वर्षे हे बंद होते. त्यानंतर टेबले पुन्हा लागली आणि आता दूरदूरचे पाहुणे तेथे येतात.

पाहुण्याला स्वस्त, यजमानाला महाग

या सगळ्याचा खर्च कोणीतरी करत असते. प्रवाशाने थोडा वेळ थांबून हा हिशेब करायला हवा.

सप्टेंबर २०२३ मध्ये इजिप्तच्या शहरांतील वार्षिक महागाईचा दर ३८ टक्क्यांवर गेला. तो त्या देशाचा उच्चांक होता. पुढे ६ मार्च २०२४ रोजी मध्यवर्ती बँकेने पौंडाचा दर बाजारावर सोपवला. एका डॉलरला साधारण ३१ पौंड मिळत होते, ते ५० च्या आसपास मिळू लागले. रमजान पाच दिवसांवर आलेला होता. १ जून २०२४ पासून शिधापत्रिकेवर मिळणारी भाकरी ५ पिअस्तरवरून २० पिअस्तरला गेली; तीन दशकांहून अधिक काळात ती महाग झाली नव्हती. इजिप्तच्या बोलीत भाकरीला ‘ऐश’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ‘जगणे’. मराठीत आणि उर्दूत ‘ऐश’ म्हणजे चैन. एकाच शब्दाने दोन देशांत किती वेगळ्या वाटा धराव्यात!

आता हाच आकडा प्रवाशाच्या बाजूने पाहावा. चलन घसरले की डॉलर बदलून घेणाऱ्याचे ताट स्वस्त होते. कतायफचा डबा, कॉफीचा पेला, टॅक्सी, हॉटेलची खोली, सगळेच त्याला किफायतीचे वाटते आणि घरी परतून तो ‘इजिप्त फार स्वस्त’ असे सांगतो. त्याच वेळी माइदा मांडणाऱ्याला तोच तांदूळ, तेच तेल आणि तेच मांस नव्या भावाने आणावे लागते. देणगीचा आकडा तेवढाच राहिला, तर एकतर ताटांची संख्या घटते किंवा ताटातला तुकडा लहान होतो. आणि ताटे घटत असताना रांगेत बसणारे मात्र वाढतात, कारण गेल्या वर्षी जो देत होता, त्यातला एखादा यंदा घेणाऱ्यांत असतो. ‘शंतत रमदान’, म्हणजे तांदूळ, साखर, तेल, शेवया घातलेली रमजानची पिशवी, गरजू घरी पोहोचवण्याची चाल आहे. तिचे वजन दरवर्षी हातावर तोलले जाते. पत्र्याचा सुंदर फानूस हातात घेऊन, किंमत ऐकून, परत खाली ठेवणारा बापही याच हिशेबातला.

म्हणून ‘या, बसा’ म्हणणाऱ्या माणसासमोर प्रवाशाची थोडी परीक्षा असते. रहमानचे दस्तरख्वान गरजूंसाठी आणि खरोखर अडलेल्यांसाठी आहे. खिशात पैसे असलेल्याने तेथे फुकटची थाळी म्हणून बसणे शोभत नाही आणि प्रेमाने केलेला आग्रह झिडकारणेही शोभत नाही. जाणते लोक मधला मार्ग काढतात. बोलावले तर बसावे, खजूर घ्यावी, सरबताचा घोट घ्यावा, दोन शब्द बोलावेत आणि जागा पुढच्यासाठी मोकळी करावी. जेवण गल्लीतल्या छोट्या विक्रेत्याकडून विकत घ्यावे आणि पाच-दहा पौंडांसाठी त्याच्याशी घासाघीस करू नये. द्यायचेच असेल, तर वाढणाऱ्या मंडळींना गाजावाजा न करता विचारावे. बहुधा ते तांदळाची पोती किंवा पाण्याचे खोके सुचवतील. जेवणाऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. एवढे पाळले, तर ग्राहक आणि पाहुणा यांतला फरक आपोआप राखला जातो.

‘शराब’चा चेंडू

इशा आणि तरावीहच्या नमाजानंतर हुसैन मशिदीसमोरच्या चौकात पाय ठेवायला जागा नसते. खान अल-खलीलीतील फिशावी हे जुने कॉफीगृह एरवी दिवसरात्र उघडे असते. रमजानमध्ये दिवसा ते विश्रांती घेते आणि रात्री दुपटीने भरून काढते. नोबेल विजेते कादंबरीकार नगीब महफूज येथे बसत असत. थोड्या अंतरावर वकालत अल-घूरी या जुन्या सराईत तनूराचे नृत्य होते. सुफी परंपरेतून आलेल्या या प्रकारात नर्तक रंगीबेरंगी घेरांसह गरगर फिरत राहतो आणि पाहणाऱ्यालाच भोवळ येते.

पण गावकऱ्यांबरोबर रात्र काढायची असेल, तर चौक सोडून वस्तीत शिरावे. तेथे ‘दौरा रमदानिया’ चालू असतो. मराठीत दौरा पुढाऱ्यांचा असतो. कैरोत दौरा म्हणजे सामन्यांची स्पर्धा. शाळेचे मैदान, युवक केंद्राचे आवार, नाहीतर दोन इमारतींमधली डांबरी जागा. एका बाजूला पाच खेळाडू, सामना छोटा, हद्द म्हणजे भिंत. वर तारांवर दिवे टांगलेले, गच्च्या आणि खिडक्या म्हणजे प्रेक्षागार. ध्वनिक्षेपक हाती घेतलेला कोणी हौशी समालोचक खेळाडूंना घरच्या टोपणनावांनी पुकारतो. संघ गल्लीचा असतो, कारखान्याचा असतो, दुकानाचा असतो. कित्येक स्पर्धा वस्तीतून अकाली गेलेल्या एखाद्या मुलाच्या स्मरणार्थ भरवतात.

जुने लोक ‘कोरा शराब’च्या आठवणी सांगतात. उर्दू आणि मराठी जाणणारा माणूस रमजानमध्ये हे नाव ऐकून दचकतो! पण इजिप्तच्या बोलीत ‘शराब’ म्हणजे पायमोजा. आपल्या ‘जुराब’चा सख्खा भाऊ. जुन्या मोज्यात चिंध्या आणि स्पंज कोंबून, दोऱ्याने आवळून केलेला चेंडू तो ‘कोरा शराब’. विकतचा चेंडू परवडत नव्हता तेव्हा पिढ्यान् पिढ्या यावर खेळल्या. आफ्रिका चषक सात वेळा जिंकणाऱ्या देशाची बोटे अशा गल्ल्यांतूनच चेंडूला लागली. नाईलच्या खोऱ्यातील नगरीग गावचा मोहम्मद सलाह किशोरवयात सरावासाठी बस बदलत बदलत चार-साडेचार तासांचा प्रवास करून कैरोला येत असे आणि तेवढाच परतीचा करत असे. त्याचे चित्र रमजानच्या फानुसांवरही झळकले आहे.

या गल्लीतल्या सामन्यांना आणखी एक अर्थ आहे. १ फेब्रुवारी २०१२ रोजी पोर्ट सैदच्या मैदानावर झालेल्या हिंसाचारात सत्तरहून अधिक प्रेक्षक मेले. त्यानंतर कित्येक वर्षे इजिप्तमधील लीगचे सामने रिकाम्या मैदानांत किंवा मोजक्या प्रेक्षकांपुढे झाले. अल-अहली आणि जमालेक यांच्यावर जीव टाकणारी पिढी मैदानाच्या दाराबाहेर राहिली. वस्तीच्या दौऱ्याला मात्र दारच नव्हते. तेथे बाप मुलाला खांद्यावर घेऊन येऊ शकत होता. तिकीट नव्हते, तपासणी नव्हती. आजही नाही. अनोळखी प्रवासी भिंतीला टेकून उभा राहिला, की कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची सरकवतो, चहाचा पेला देतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘अहली की जमालेक?’ याला उत्तर देताना जरा सांभाळावे.

ढोलक्याची फेरी

दोननंतर सामने संपतात आणि फूलच्या गाड्यांभोवती गर्दी होते. फूल म्हणजे बाकल्याचे दाणे. अरुंद तोंडाच्या मोठ्या हंड्यात ते मंद आचेवर तासन् तास शिजतात. वर तेल, लिंबू, जिरे, सोबत भाकरी, कांदा आणि बाकल्याचीच तळलेली ताअमिया. स्वस्त आणि पोटाला आधार देणारे. पुढचा दिवस याच्यावर निघतो.

याच वेळी मुसह्हराती निघतो. हातात छोटा ढोल आणि वादी, तोंडाने झोपलेल्यांना हाका. चांगला मुसह्हराती प्रत्येक घरातील मुलांची नावे घेऊन हाक मारतो आणि मुले त्या हाकेसाठी जागी राहतात. कवी फुआद हद्दाद आणि गायक-संगीतकार सय्यद मक्कावी यांनी त्याला रेडिओवर अमर केले. मोबाइलच्या गजरामुळे त्याचे काम कधीच संपायला हवे होते. पण काही वस्त्यांत तो आहे आणि आता एखाद्या ठिकाणी ढोल बाईच्या हातातही दिसतो. ईदला घराघरांतून जे हातावर ठेवतील तेवढीच त्याची कमाई. महाराष्ट्रातील जुन्या मोहल्ल्यांतही सहरीला उठवणारे फकीर डफ वाजवत फिरत आणि अजून काही ठिकाणी फिरतात. त्यांच्याही झोळीत यंदा किती पडते, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

कैरोचा हा दिवस पाहिलेल्या माणसाला मुंबईचा मोहम्मद अली रोड थोडा वेगळा दिसू लागतो. मिनारा मशिदीजवळ रमजानच्या रात्री सगळ्या धर्मांची माणसे खायला येतात, ही आपल्या शहराची मोठी मिळकत आहे. पण बहुतेक जण येतात, खातात, फोटो काढतात आणि निघतात. पदार्थाचे नाव पाठ होते. तव्यामागे उभ्या असलेल्या माणसाचा रोजा किती वाजता आणि कशावर सुटला, हे कळत नाही. आणि मोहल्ल्यानेही त्यांना गिऱ्हाईक म्हणून जेवढे ओळखले आहे, तेवढे ‘वाटेचा मुलगा’ म्हणून ओळखलेले नाही. मगरिबच्या आधी अर्धा तास लवकर येणारा पाहुणा आणि त्याच्यासाठी चटईवर सरकून केलेली जागा, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. त्यासाठी तोफ लागत नाही, इब्न तुलूनचा वारसा लागत नाही आणि फार पैसेही लागत नाहीत. एक खजूर जास्त आणावी लागते.